पुसापासून दुकानाच्या काट्यापर्यंत : राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वाटचाल

मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या आडत्याशी मणांत सौदा केला, तर भावाच्या आधी एक खुलासा करून घ्यावा लागे : मण कुठला? मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून किंचित जास्त. आजच्या हिशेबाने हे तीन मण सुमारे १२.७, ११.३ आणि ३७.३ किलो भरतात. नाव एक आणि माल तिप्पट, असा हा कारभार होता. आपल्याकडे खेड्यांत तर धान्य तोलण्यापेक्षा मापण्याचीच रीत. चिपटे, आठवे, शेर, अधोली, पायली ही मापे घराघरांत होती, पण शेरात नेमके किती धान्य मावते हे गावागणिक बदलायचे. शिवाय माप सपाट भरायचे की शीग लावून, हा वाद वेगळाच. शेतकऱ्याकडून घेताना शीग आणि त्याला देताना सपाट, हा अनुभव कित्येक पिढ्यांनी घेतला.

राज्यकर्त्यांनी या गोंधळावर कायद्याचे उपाय केले नाहीत असे नाही. मुंबई इलाख्यात १९३२ साली आणि संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी १९३९ साली वजनांचे कायदे झाले. १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण असे कोष्टक कागदावर पक्के झाले. पण या कोष्टकाच्या मुळाशी असलेला ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, आणि पौंडाचे मूळ प्रमाण लंडनमध्ये. आपल्या बाजारातल्या शेराचा शेवटचा निवाडा सातासमुद्रापार होत होता. देशाचे स्वतःचे प्रमाण देशात असावे आणि ते सांभाळणारी संस्थाही देशात असावी, ही गरज तिथून सुरू होते. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या ‘एनपीएल’चा इतिहास सांगताना म्हणून सुरुवात शेर-मणांपासून करणे भाग आहे.

औद्योगिक देशांनी ही गरज आधीच ओळखली होती. जर्मनीने १८८७ मध्ये बर्लिनजवळ, ब्रिटनने १९०० मध्ये आणि अमेरिकेने १९०१ मध्ये मोजमापासाठी राष्ट्रीय संस्था उभ्या केल्या. विजेचे दिवे, तारायंत्रे, यंत्रांचे सुटे भाग यांचा व्यापार वाढला तेव्हा एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्या कारखान्याच्या नटात बसलाच पाहिजे, ही अट आली. ती पाळायची तर सर्वांची मोजपट्टी एकाच मुळाशी जुळलेली हवी. आपल्याकडे १९४२ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद म्हणजे सीएसआयआर स्थापन झाली. तिचे सूत्रधार शांतिस्वरूप भटनागर यांनी राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या साखळीची योजना मांडली. त्या पहिल्या प्रयोगशाळांत पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती आणि दिल्लीची भौतिक प्रयोगशाळाही होती.

दिल्लीत पुसा भागात या प्रयोगशाळेची कोनशिला जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते ४ जानेवारी १९४७ रोजी बसली. स्वातंत्र्याला अजून सात महिने होते आणि नेहरू हंगामी सरकारचे नेतृत्व करत होते. देशाचे पुढे काय होणार याची कुणालाच खात्री नव्हती, अशा काळात मोजमापाच्या संस्थेचा पाया घातला गेला. या निर्णयामागची दूरदृष्टी मला फार मोठी वाटते. इमारत पूर्ण होऊन २१ जानेवारी १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांनी संस्थेचे उद्घाटन केले. त्याच महिन्यात ३ तारखेला पुण्याच्या रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन नेहरूंनी केले होते. आणि एनपीएलचे दरवाजे उघडल्यानंतर पाचच दिवसांनी भारत प्रजासत्ताक झाला.

पहिले संचालक होते सर के. एस. कृष्णन. सी. व्ही. रामन यांच्याबरोबर १९२८ च्या रामन परिणामाच्या प्रसिद्ध शोधात काम केलेले, पुढे स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांवर स्वतःची वाट पाडलेले हे भौतिकशास्त्रज्ञ. अशा माणसाकडे मोजमापाची संस्था का दिली, असे कुणाला वाटेल. कृष्णन यांनी कामातूनच त्याचे उत्तर दिले. संचालकपदाच्या कामात बुडालेले असतानाही त्यांनी वीज सोडून तापवलेल्या तारेत तापमान कसे पसरते यावर आणि तापलेल्या धातूंतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर संशोधन चालू ठेवले. तारेच्या कोणत्या भागाचे तापमान किती, हे नेमके कळल्याशिवाय त्या तापमानावरचा कोणताही आकडा खरा मानता येत नाही. मूलभूत विज्ञान आणि मोजमाप यांच्यात त्यांनी भिंत घातली नाही, आणि संस्थेला ती सवय त्यांच्यामुळे लागली. १९५८ चा पहिला भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेसमोरच्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे.

संस्था उभी राहिली तेव्हा देशात शेर-तोळा, फूट-पौंड आणि मीटर-किलो असे तिन्ही संसार एकाच वेळी चालू होते. पहिला बदल नाण्यांत झाला. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५ मध्ये संसदेने दशमान नाण्यांचा कायदा मंजूर केला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हे गणित मागे पडले. वजनमापांचा कायदा डिसेंबर १९५६ मध्ये झाला. ऑक्टोबर १९५८ पासून काही उद्योगांत आणि निवडक भागांत मेट्रिक वजने वापरात आली, आणि एप्रिल १९६२ पासून वजनांत किलोग्रॅम सक्तीचा झाला.

हा बदल किती अवघड होता याची जाणीव आज उरलेली नाही. ज्यांची मुंज शेर-छटाकात झाली, ज्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकली, त्या माणसांना रोजचा बाजारहाट नव्या अंकांत करायचा होता. दुकानदारांना जुनी वजने टाकून नवी घ्यायची होती. कोट्यवधी निरक्षर गिऱ्हाइकांना नव्या वजनावर विश्वास ठेवायचा होता. इतक्या मोठ्या लोकशाही देशाने काही वर्षांत, बळजबरीशिवाय, हे पार पाडले. स्वतंत्र भारताच्या यशस्वी सामाजिक सुधारणांत मी ही सुधारणा बरीच वरच्या क्रमांकावर ठेवीन. सराफ कट्ट्यावर मात्र तोळा टिकून राहिला, पण बदलून. मूळचा ११.६६ ग्रॅमचा तोळा आज आपल्या बोलण्यात सरळ १० ग्रॅमचा झाला आहे.

नवीन वजनांना मूळ प्रमाण हवे होते. भारत १९५७ मध्ये मीटर कराराचा सदस्य झाला. हा करार १८७५ मध्ये पॅरिसला १७ देशांनी केला होता. पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाने भारताला किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत दिली. तीच भारताची राष्ट्रीय किलोग्रॅम प्रत. तिचे घर म्हणजे एनपीएल.

ही प्रत दिसायला अगदी साधी आहे. नव्वद टक्के प्लॅटिनम आणि दहा टक्के इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक चकचकीत दंडगोल, उंची ३९ मिलिमीटर आणि व्यासही तेवढाच. मुठीत सहज मावावा, पण मुठीत कधीच घेतला जात नाही. त्याच्यावर काचेची झाकणे असतात. उचलायचा झाला तर मऊ चामड्याने मढवलेल्या चिमट्याने. बोटांचा घाम, धुळीचा कण, हवेतली वाफ, साफ करताना निघालेला सूक्ष्म थर, या सगळ्यांची इथे दखल घ्यावी लागते, कारण हिशेब मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात, चालतो.

या प्रतीवरून दुसरा, स्टेनलेस स्टीलचा किलो तपासायचा असतो तेव्हा खरी कसोटी लागते. प्लॅटिनमचा किलो सुमारे ४६ घन सेंटिमीटर जागा घेतो, स्टीलचा सुमारे १२५. जास्त जागा घेणारी वस्तू जास्त हवा बाजूला सारते आणि हवा तिला जास्त वर उचलून धरते. हे प्लावक बल दोन्ही किलोंवर सारखे नसते. नुसत्या या एका कारणाने तराजूवर नव्वद मिलिग्रॅमहून अधिक फरक दिसतो, आणि शोधायचा फरक त्याच्या हजारो पटींनी लहान. म्हणून तराजूच्या पेटीतले तापमान, हवेचा दाब आणि दमटपणा सतत नोंदवतात, त्यांवरून हवेची घनता काढतात आणि फरक वजा करतात. वजन एकदा करून भागत नाही. पहिले, दुसरे, पुन्हा दुसरे, पुन्हा पहिले, असा क्रम अनेकदा चालतो, म्हणजे मोजता मोजता यंत्र किंचित सरकले तरी त्याचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. माणूस जवळ उभा राहिला तर त्याच्या अंगाच्या उष्णतेनेही हवा हलते, म्हणून आता वजने अदलाबदल करण्याचे काम यंत्र करते. आणि हे सारे करूनही ५७ क्रमांकाचा किलो स्वतः बरोबर आहे ना, हे पाहायला त्याला ठराविक काळाने पॅरिसला न्यावे लागायचे.

या संस्थेच्या इतिहासाचा गाभा मला इथे दिसतो. प्रमाण तिजोरीत ठेवल्याने टिकत नाही. ते पुन्हा पुन्हा दुसऱ्याशी ताडून पाहिल्याने टिकते. तुलना थांबली की प्रमाणाची किंमत धातूइतकीच उरते.

पुसातल्या किलोपासून आपल्या वाण्याच्या काट्यापर्यंतची साखळी नीट समजून घेण्यासारखी आहे. राष्ट्रीय प्रमाणावरून संदर्भ प्रमाणे तपासली जातात. ती ग्राहक व्यवहार विभागाच्या प्रादेशिक संदर्भ प्रमाण प्रयोगशाळांत असतात. अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद, गुवाहाटी, वाराणसी येथे त्या आहेत, आणि महाराष्ट्रात नागपूरला आहे. त्यांवरून राज्यांची दुय्यम प्रमाणे तपासतात, आणि दुय्यम प्रमाणांवरून निरीक्षकांकडची कार्यकारी प्रमाणे. दुय्यम प्रमाण दर दोन वर्षांनी आणि कार्यकारी प्रमाण दरवर्षी वरच्या पायरीशी ताडून घ्यावे लागते. या सरकारी प्रमाण वजनांपैकी पुष्कळशी मुंबईच्या फोर्टमधल्या टाकसाळीत घडतात. नाणी पाडणारे हात वजनेही घडवतात, आणि यात औचित्य आहे. नाण्याचा खरेपणाही शेवटी वजनावरच ठरतो.

साखळीचे शेवटचे टोक दुकानात असते. बीडाच्या षटकोनी वजनाला एक खाच असते, तिच्यात शिसे ओतलेले असते. निरीक्षक वजन कार्यकारी प्रमाणाशी तोलतो, कमी भरले तर दुरुस्त करायला लावतो, बरोबर भरले तर त्या मऊ शिशावर ठसा मारतो. ठशात वर्ष आणि वर्षाची तिमाही दाखवणारे अक्षर असते. पुसातल्या प्लॅटिनमपासून निघालेली खात्री अशी चार-पाच पायऱ्या उतरून शिशाच्या त्या टिकलीवर येऊन थांबते. दर पायरीला अचूकता थोडी कमी होते आणि कायदा त्यासाठी सूट ठरवून देतो, पण साखळीचा एकही दुवा तुटता कामा नये. मधला एक दुवा वेळेवर तपासला गेला नाही तर त्याखालचे शेकडो काटे संशयित ठरतात, जरी त्यातला एकही मुद्दाम बिघडवलेला नसला तरी.

या साखळीला कायद्याचे बळ १९५६ च्या कायद्यानंतर १९७६ च्या कायद्याने आणि आता २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्याने दिले. हा शेवटचा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. राष्ट्रीय प्रमाणे निर्माण करण्याची आणि सांभाळण्याची जबाबदारी त्याखालच्या नियमांनी एनपीएलकडे दिली आहे. अपवाद आयनकारी किरणांचा, म्हणजे क्ष-किरण आणि किरणोत्सर्ग यांच्या मोजमापाचा. ते काम मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचारात दिलेली मात्रा ठरल्याप्रमाणेच आहे ना, याचा माग तिथपर्यंत जातो. वाण्याच्या काट्यात दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर रुपये जातात. इथे चूक झाली तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

मधल्या काळात संस्थेने बऱ्याच दिशांनी हात पसरले. रेडिओ लहरी आणि आयनांबर, पातळ थर, अर्धवाहक, अतिवाहकता, कार्बन आणि फेराइट अशा अनेक पदार्थांवर इथे काम झाले. स्फटिकशास्त्रज्ञ अजित राम वर्मा १९६५ ते १९८२ अशी सतरा वर्षे संचालक होते. त्यानंतर आयनांबराचे अभ्यासक ए. पी. मित्रा संचालक झाले. पण सामान्य माणसापर्यंत संस्थेचे नाव नेले ते एका शाईने. मतदाराच्या बोटाला लावायची, सहज न पुसली जाणारी शाई इथे तयार झाली. सिल्व्हर नायट्रेट असलेली ही शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे आणि म्हैसूरचा कारखाना ती बनवतो. शाईचे कौतुक योग्यच आहे. तरी संस्थेच्या ओळखीत शाई पहिल्या ओळीत आणि किलोग्रॅम दुसऱ्या ओळीत येतो, याची मला खंत वाटते. शाई पाच वर्षांतून एकदा लागते. मोजमाप रोज लागते.

लांबी आणि वेळ यांच्या बाबतीत वस्तूंवर विसंबण्याचे दिवस आधीच सरले. मीटर १८८९ पासून प्लॅटिनम-इरिडियमची एक पट्टी होता. १९६० मध्ये तो क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्यांइतका ठरला, आणि १९८३ पासून प्रकाशाने निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात कापलेले अंतर म्हणजे मीटर. एनपीएलमध्ये तो आयोडीनच्या साहाय्याने स्थिर केलेल्या हीलियम-निऑन लेसरने साकारला जातो. कारखान्यातले गेज ब्लॉक आणि त्यांवरून तपासलेले मायक्रोमीटर यांचे मूळ तिथे आहे. पिंपरी-चिंचवडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या शॉपमध्ये कामगार मायक्रोमीटरचा खटका फिरवतो तेव्हा त्याच्या हातातल्या रेषेमागे हा लेसर असतो.

वेळेची गोष्ट मुंबईकरांना जवळची वाटेल. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे ठरली, पण मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. मुंबई वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि शहरात दोन्ही वेळा कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदल्या. स्टेशनचे घड्याळ एक सांगायचे आणि शहराचे दुसरे. आज भारतीय प्रमाणवेळ एनपीएल ठेवते. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम-१३३ अणूच्या ९ अब्ज १९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० कंपनांवर आधारलेली आहे, आणि संस्थेत सीझियम घड्याळे आणि हायड्रोजन मेसर अखंड चालू असतात. ही वेळ बाहेर पोचवायला १९५९ पासून रेडिओवर ‘एटीए’ हा संकेत होता. पुढे इन्सॅट उपग्रह, टेलिफोन आणि आता इंटरनेट हे मार्ग आले.

पण एनपीएलची घड्याळेही स्वतःच्या खरेपणाचा दाखला स्वतः देत नाहीत. जगभरातल्या प्रयोगशाळांच्या घड्याळांच्या नोंदी पॅरिसला जातात, त्यांच्या सरासरीतून जागतिक वेळ काढली जाते, आणि दर महिन्याला ‘सर्क्युलर टी’ नावाचे पत्रक निघते. त्यात प्रत्येक देशाची वेळ जागतिक वेळेपासून किती नॅनोसेकंद दूर होती हे तारीखवार छापलेले असते. दिल्लीची ओळही त्यात असते. कुणीही उघडून पाहावी. आपली चूक दर महिन्याला जगासमोर आकड्यांत मांडणाऱ्या संस्था आपल्या देशात किती आहेत, याचा विचार वाचकांनी करावा. ईशान्य भारतात सूर्य लवकर उगवतो म्हणून तिथे वेगळी प्रमाणवेळ असावी, असा अभ्यास २०१८ मध्ये एनपीएलच्याच शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. तो निर्णय अर्थात सरकारचा आहे. बँका, वीजवाहिन्या, दूरसंचार यांनी परदेशी उपग्रहांवर न विसंबता देशाचीच वेळ वापरावी, या दिशेने ग्राहक व्यवहार विभागाने नियमांचे मसुदेही काढले आहेत.

विजेच्या मापनात संस्थेने जोसेफसन परिणामावरून व्होल्ट आणि क्वांटम हॉल परिणामावरून ओहम साकारण्याची व्यवस्था केली. तापमानासाठी काचेच्या बंद नळीत पाणी, बर्फ आणि वाफ एकत्र नांदतात तो बिंदू, २७३.१६ केल्व्हिन, पिढ्यान्पिढ्या आधार होता. दाब, बल, ध्वनी, प्रकाश या प्रत्येकासाठी वेगळी दालने, वेगळी उपकरणे आणि वेगळी माणसे आहेत.

१४ ऑक्टोबर १९९९ रोजी पॅरिसला राष्ट्रीय मापनसंस्थांनी परस्पर मान्यतेचा करार केला. भारतातर्फे एनपीएल त्यात आहे. करार असा की एका संस्थेचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र दुसऱ्या देशात ग्राह्य धरायचे, पण आधी क्षमता सिद्ध करून. त्यासाठी एकच वस्तू देशोदेशी फिरते, प्रत्येक जण ती आपापल्या परीने मोजतो, आणि सर्वांचे निकाल नावानिशी प्रसिद्ध होतात. परदेशी तज्ज्ञ येऊन कामाची तपासणी करतात. निकाल खपण्यासारखा नसेल तर यादीतून तो दावा काढून घ्यावा लागतो. आपल्याकडच्या निर्यातदाराला मोजमापाचा दाखला युरोपात पुन्हा घ्यावा लागत नाही, त्यामागे ही मेहनत आहे.

किलोग्रॅमच्या बाबतीत मोठे वळण २०१८ मध्ये आले. पॅरिसच्या मूळ किलोग्रॅमची त्याच्या प्रतींशी तुलना केली असता शतकभरात त्यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास अंतर पडल्याचे दिसले होते. मूळ किलो हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगता येत नव्हते. व्याख्येप्रमाणे मूळ किलो नेहमी बरोबर एक किलोच असायचा, मग भले त्याचे काही होवो. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्सायला भरलेल्या परिषदेत सदस्य देशांनी मत दिले, आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात या ठरवलेल्या किमतीवर, आधारला. अँपिअर, केल्व्हिन आणि मोल यांच्याही व्याख्या त्याच दिवशी बदलल्या. ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये सुचवलेल्या तराजूत वस्तूचे वजन विद्युतप्रवाहाच्या बलाने तोलले जाते. त्यातून प्लांकचा स्थिरांक आणि किलो एकमेकांना जोडता येतात.

मग ५७ क्रमांकाचे काय झाले? त्याला निवृत्त झाला म्हणणे चूक ठरेल. जगातल्या मोजक्या संस्थांचे किबल तराजू आणि सिलिकॉनच्या गोळ्यांतले अणू मोजून किलो ठरवण्याचे प्रयोग यांची उत्तरे अजून एकमेकांशी हवी तितकी जुळत नाहीत. म्हणून १ फेब्रुवारी २०२१ पासून त्या सर्वांच्या निकालांतून एक संमत मूल्य काढून त्यावर जगातले किलो चालतात. व्याख्या निसर्गाच्या स्थिरांकावर आली तरी ती प्रत्यक्षात उतरवायला माणसांनी एकमेकांचे काम ताडून पाहणे सुटलेले नाही. प्लॅटिनमचे दंडगोल अजूनही तोलले जातात, अजूनही चिमट्यानेच उचलले जातात.

गेल्या काही वर्षांत संस्थेचे लक्ष नव्या गरजांकडे वळले आहे. शुद्ध सोन्याचा संदर्भ पदार्थ आधी परदेशातून आणावा लागे. मुंबईची टाकसाळ आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या साथीने एनपीएलने ९९.९९ टक्के शुद्धतेचा भारतीय संदर्भ पदार्थ तयार केला. त्याचे नाव ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ मालिकेतले बीएनडी-४२०१. सोन्याची शुद्धता तपासणारी यंत्रे त्यावरून पारखून घेता येतात. २०१९ मध्ये हवेचे प्रदूषण मोजणाऱ्या उपकरणांना प्रमाणित करण्याची जबाबदारी पर्यावरण मंत्रालयाने संस्थेवर सोपवली. ४ जानेवारी २०२१ रोजी, कोनशिलेच्या दिवशीच, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्रीय अणु कालश्रेणी देशाला अर्पण केली आणि राष्ट्रीय पर्यावरण प्रमाण प्रयोगशाळेची पायाभरणी केली. दिल्लीच्या हवेचे आकडे दर हिवाळ्यात राजकीय भांडणाचा विषय होतात. ते आकडे कशाने मोजले आणि ते उपकरण कुणी तपासले, हा प्रश्न मात्र फार कमी वेळा विचारला जातो. तो विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर देशातच मिळाले पाहिजे.

२१ जानेवारी २०२५ रोजी संस्थेच्या उद्घाटनाला पंच्याहत्तर वर्षे झाली. या काळात तिने देशाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट माझ्या मते एकच : आपल्या मोजमापाचा निवाडा आता परदेशात होत नाही, आणि तरीही जगात तो मान्य होतो. पण वरची पायरी कितीही भक्कम असली तरी खालची टोके ढिली पडली तर सामान्य माणसाच्या पदरात तिचे फळ पडत नाही. निरीक्षकांची संख्या अपुरी असते, बाजार मोठा असतो आणि इलेक्ट्रॉनिक काटा एकदा मांडला की तो बरोबरच असणार असे आपण धरून चालतो. कायद्याने वजनांची पडताळणी दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी व्हायला हवी, आणि तिचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायला हवे. वाचकांना म्हणून विनंती आहे : भाजी, धान्य, सोने, पेट्रोल, काहीही घ्या, काट्यावरचा किंवा पंपावरचा शिक्का आणि प्रमाणपत्रावरची तारीख पाहा. मुदत संपली असेल तर दुकानदाराला आधी नीट सांगा, कारण अनेकदा तो केवळ विसरलेला असतो. त्याने दुर्लक्ष केले तर जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात लेखी तक्रार द्या.